वेग ७४ वरच अडकलाय

वाचकाचं पत्र :

‘ताई, मी १५ वर्षांची आहे, नववीत शिकते, पुण्यात सहकारनगरला राहते. शाळेच्या १७ वर्षांखालील सॉफ्टबॉल संघात दोन वर्षं पिचर (बॉल टाकणारी) आहे. उजव्या हाताने विंडमिल टाकते, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून. उंची १५८ सेंटिमीटर. गेल्या वर्षी स्पीड गनवर माझा फास्टबॉल ताशी ७४ किलोमीटर आला होता. परवा पुन्हा मोजला, तर ७४च! सर म्हणतात, “हात अजून जोरात फिरव.” जोर लावला की बॉल कॅचरच्या डोक्यावरून जातो आणि रात्री खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखतं. रोज २०० रिस्ट स्नॅप (मनगटाचे झटके) करते, सकाळी बाबांबरोबर तळजाई टेकडीवर ४ किलोमीटर पळते. बॉल टाकताना पुढे पडणारं माझं पाऊल मोजलं तर ४ फूट भरलं. बाबा म्हणतात जड बॉलने सराव कर, एक मैत्रीण मनगटाला वजन बांधून टाकते. यूट्यूबवर माझ्या वयाच्या मुलींचा वेग ६० दाखवतात आणि त्यांचा बॉल कोणाला मारता येत नाही. मग माझा ७४ असून लोक सहज कसे मारतात? जिल्हास्तरीय स्पर्धा तीन महिन्यांवर आहे. काय करू?’

आधी खांद्याचं बोलू. रात्री दुखणारा खांदा घेऊन जोरात टाकायचं नाही, अगदी उद्यापासून. पुढच्या बाजूला नेमकं एका जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, तर बहुतेक वेळा तिथून जाणारी बायसेप्सची कंडरा चिडलेली असते. विंडमिलमध्ये हात मागून खाली येतो तेव्हा तो खांद्याच्या सांध्यातून बाहेर ओढला जात असतो. त्याला धरून ठेवणं आणि त्याच वेळी कोपर आवरणं, ही दोन्ही कामं याच स्नायूवर येतात. पिचरवर झालेल्या मोजमापांत ही ओढ तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाणारी निघाली आहे. तरी ‘खालून टाकायचं, त्यात हाताला काय त्रास’ हा समज मैदानावर पक्का बसलेला आहे. त्यासाठी जपानची पिचर युकिको उएनो हिचा दाखला दिला जातो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ पिच, म्हणजे बॉल, टाकले आणि जपानला सुवर्ण मिळवून दिलं. ती तेव्हा २६ वर्षांची होती आणि ऑलिंपिकची अंतिम फेरी समोर होती. नववीतल्या मुलीच्या सरावाचं वेळापत्रक त्यावरून बेतायचं नसतं.

दहा ते चौदा दिवस पूर्ण विंडमिल बंद ठेव. या दिवसांत पाय, पोट आणि पाठ यांचे व्यायाम चालू राहतील, ते पुढे सांगते. अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा खेळाडूंवर उपचार करणाऱ्या फिजिओला एकदा दाखवून घे. हात वर नेताना अडकतो, बोटांना मुंग्या येतात किंवा दुखण्याने झोपमोड होते, यातलं काहीही असेल तर वाट न बघता याच आठवड्यात जा. वेदनाशामक गोळी घेऊन पिच टाकणं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण थांबायचं कधी हे सांगणारी खूणच त्याने नाहीशी होते.

आता ते ६०. यूट्यूबवरचे आकडे मैलांत असतात, बाळा. ताशी ६० मैल म्हणजे ९६ किलोमीटरपेक्षा जास्त. तुझे ७४ किलोमीटर म्हणजे ४६ मैल. हे ऐकून खचू नकोस, पंधराव्या वर्षी इथल्या शालेय स्पर्धेत ७४ अजिबात टाकाऊ नाही. वरची टोकं किती लांब आहेत तेही माहीत असू दे. अमेरिकेची पिचर मोनिका अ‍ॅबटने २०१२ मध्ये ७७ मैलांचा, म्हणजे सुमारे १२४ किलोमीटरचा पिच टाकला. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन सामन्यात कार्लिन पिकन्सने ७९.४ मैल, म्हणजे जवळपास १२८ किलोमीटर गाठले. अ‍ॅबटची उंची सहा फुटांच्या वर आहे. तिचा व्हिडिओ बघून तिच्याइतकं पाऊल टाकायला जाऊ नकोस.

तुझं पाऊल ४ फूट, म्हणजे १२२ सेंटिमीटर. हे तुझ्या उंचीच्या ७७ टक्के झालं. चांगल्या पिचरचं पाऊल पिचिंग प्लेटच्या (जिच्यावर उभं राहून बॉल टाकतात त्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून साधारण उंचीच्या ८५ ते १०० टक्के पडतं. तुझ्यासाठी तो हिशेब १३४ ते १५८ सेंटिमीटर येतो. हे वाचून उद्या पाय ताणून १५८ वर टेकवशील, तर वेग उलट कमी होईल. पाय नुसता लांब टाकला की धड मागे रेलतं, बॉल उशिरा सुटतो आणि वर जातो. पाऊल लांब पडायला हवं ते मागच्या पायाने प्लेटला मारलेल्या धक्क्यामुळे. सुरुवातीला वजन उजव्या पायाच्या चवड्यावर घे, गुडघा चांगला वाकव, नडगी कॅचरकडे झुकू दे, पण छाती मांडीवर पाडू नकोस. मग ढकल. तू प्लेट सोडतेस त्या क्षणी व्हिडिओ थांबवून बघ. उजवा पाय नितंबापासून घोट्यापर्यंत सरळ झालेला दिसला पाहिजे. गुडघा वाकलेलाच असेल तर अर्धी ताकद प्लेटवरच राहिली.

वेग नेमका कुठे तयार होतो, ते पुढच्या पायात बघायला मिळतं. पीएमपीच्या बसमध्ये उभी असताना चालकाने करकचून ब्रेक मारला की बस थांबते आणि तू पुढे फेकली जातेस. डावा पाय हा तो ब्रेक. तो कडक टेकला की कमरेखालचं शरीर थबकतं. आधी कंबर, मग धड, मग खांदा, मग कोपर आणि शेवटी मनगट, अशी गती एकातून दुसऱ्यात चढत जाते. डावा पाय टेकल्यावर त्याचा गुडघा खचत राहिला तर शरीर पुढेच जात राहतं, हाताला काहीच मिळत नाही आणि मग सगळा जोर खांद्यातून काढावा लागतो. तुझा वेग अडकण्याचं आणि खांदा दुखण्याचं कारण एकच असावं असं पत्रावरून दिसतं. खात्री व्हिडिओने होईल.

तो कसा काढायचा ते सांगते. मोबाइल स्लो मोशनवर ठेव, सेकंदाला २४० फ्रेम असतील तर उत्तम. तिसऱ्या बेसच्या बाजूने, म्हणजे बॅटरकडे तोंड केल्यावर तुझ्या उजवीकडे, कमरेच्या उंचीवर, तुझ्यापासून पाच-सहा मीटरवर तो स्थिर टेकव. हातात धरून चित्रण नको. पूर्ण जोराचे सहा पिच टाक. हे खांदा बरा झाल्यावरच. तोपर्यंत जुना एखादा व्हिडिओ असेल तर तो बघ.

हाताची जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात. तिसऱ्या बेसकडून पाहताना हात समोर होम प्लेटकडे (बॅटरजवळच्या पाटीकडे) असेल तेव्हा ३, डोक्यावर १२, मागे दुसऱ्या बेसकडे ९ आणि खाली मांडीजवळ ६. आता डावा पाय पूर्ण टेकला त्या फ्रेमवर थांब आणि हात कुठे आहे ते बघ. तो १२ आणि ९ च्या मध्ये असायला हवा, फार तर ९ ला. हात ७ किंवा ६ वर पोहोचला असेल, तर ब्रेक लागायच्या आत बॉल सुटलाय. सरांचं ‘हात जोरात फिरव’ इथेच घात करतं. हात लवकर फिरतो, पाय मात्र आपल्या वेळेलाच टेकतो, आणि दोघांची चुकामूक होते. शिवाय जोराने फिरवायचा हात आवळला जातो, खांदा कानाकडे चढतो, वर्तुळ वाकडं होतं. सरांशी वाद घालू नकोस. ती एक फ्रेम त्यांना दाखव. बहुतेक सर ती बघून स्वतःच म्हणतील की पाय लवकर टेकव.

त्याच व्हिडिओत आणखी चार गोष्टी बघून घे. डाव्या पायाचं पाऊल होम प्लेटच्या रोखाने अगदी सरळ पडलं तर गुडघा सहज दुमडतो. तिसऱ्या बेसकडे पूर्ण आडवं पडलं तर कंबर अडते आणि गुडघ्यालाही पीळ बसतो. ३० ते ४५ अंश तिरकं पडलं की कडक राहतं. दुसरं, प्लेटच्या मध्यापासून होम प्लेटपर्यंत चुन्याची रेघ मार. डावा पाय त्या रेघेवर किंवा तिला लागून पडायला हवा. एका बाजूला अर्धा फूट गेला तरी हाताला शरीराला वळसा घालावा लागतो. तिसरं, बॉल सुटताना पाठ. डोकं पुढच्या पायाच्या पुढे गेलं असेल तर ब्रेक लागलेलाच नाही. पाठ ताठ किंवा किंचित मागे हवी. चौथं, मागचा पाय. अंगठ्याची कड जमिनीवर हलकी घासत यावी, त्यावर वजन नसावं. मागचा पाय पुढे नव्या जागी टेकवून तिथून दुसरा धक्का मारणं म्हणजे क्रो हॉप. तो नियमाबाहेर आहे, आणि पंच दक्ष असला की तुझ्या जोरदार पिचची गणती बेकायदा पिचमध्ये होईल.

आता हाताकडे ये. रोजचे २०० रिस्ट स्नॅप आजपासून बंद. उभं राहून मनगट झटकण्याने विंडमिलचा वेग वाढत नाही. वर्तुळाच्या शेवटी मनगट जे फिरतं ते कोपराच्या वरून आलेल्या गतीमुळे आपोआप फिरतं. ते मुद्दाम झटकायची सवय लागली की हात मांडीजवळ क्षणभर थांबतो, मग कोपर वर उचललं जातं आणि बॉलही वर जातो. कॅचरच्या डोक्यावरून जाणारे तुझे काही बॉल याच सवयीची देणगी असतील. ‘टाकल्यावर कोपर समोर हनुवटीपर्यंत उचल’ असंही शिकवलं जात असे. ते सोड.

त्याऐवजी असं व्हायला हवं. हात १२ वर असताना दंड कानाजवळून जातो आणि शरीर तिसऱ्या बेसकडे उघडलेलं असतं. ९ वर कोपर किंचित वाकलेलं, तळवा आणि बॉल तिसऱ्या बेसकडे. ९ ला तळवा जमिनीकडे किंवा दुसऱ्या बेसकडे असेल तर तू बॉल ढकलते आहेस. तिथून खाली येताना कोपर पुढे, हात मागे. कोपर बरगड्यांच्या जवळून येतं आणि हाताची आतली बाजू, मनगट ते कोपर यांच्या मधला भाग, उजव्या कमरेला घासतो. त्या घासण्याने दंड थबकतो आणि पुढचा हात फटकन पुढे येतो. बॉल सुटल्यावर तळवा पहिल्या बेसकडे, म्हणजे डावीकडे, वळून खाली झुकतो. कोपर सैल सुटलेलं असतं. त्या वेळी कंबर अर्धीच मिटलेली असावी, पंचेचाळीस अंशांच्या आसपास. ती आधीच पूर्ण मिटून पोट होम प्लेटकडे झालं तर कंबर हाताच्या वाटेत येते. मग हात अंगापासून लांब जातो, घासायला काही राहत नाही, आणि बॉल कधी आत, कधी बाहेर.

घासतंय की नाही हे ओळखायला सोपा उपाय. हाताच्या आतल्या बाजूला खडूची पूड चोळ आणि गडद ट्रॅक पँट घालून दहा पिच टाक. उजव्या कमरेवर, खिशाच्या वरच्या बाजूला पांढरा पट्टा उमटला पाहिजे. पट्टा मांडीच्या पुढच्या भागावर असेल तर कंबर लवकर मिटतेय.

पकड : चार बोटांनी बॉल मुठीत धरू नकोस. बोटांची पेरं शिवणीच्या नालासारख्या वळणावर आडवी ठेव. हात लहान असेल तर तीन बोटं वर, अंगठा समोरच्या शिवणीवर. तळहात आणि बॉल यांच्यात फट दिसली पाहिजे. दाब इतकाच की कोणी ओढला तर बॉल सुटेल. आवळून धरलेल्या बोटांमुळे मनगटापासून कोपरापर्यंतचा हात ताठ होतो आणि ताठ हात फटकन फिरत नाही.

खांद्याला हिरवा कंदील मिळाला की आठवड्यातून दोनच दिवस वेगाचे ठेव, मध्ये किमान दोन रात्री. एक दिवस अचूकतेचा आणि चेंजअपचा, म्हणजे त्याच हालचालीतून मुद्दाम हळू टाकलेल्या बॉलचा. वेगाचा दिवस असा.

अंग तापवायला १० मिनिटं. हलकं धावणं, कमरेचे आणि खांद्यांचे सैल व्यायाम, मग वरून थ्रो करून दहा-पंधरा सोपे बॉल. नंतर बॉलशिवाय प्लेटवरून उडी मारून डाव्या पायावर टेकायचं आणि दोन सेकंद तसंच पुतळा. गुडघा हलला तर ती उडी मोजायची नाही. असे पाच, तीन वेळा. मग जाळीपासून तीन मीटरवर, पाय आधीच टेकलेले, हात ९ वर, तिथून टाकायचं. दहा-दहाचे दोन फेरे. इथे खडूवाली खूण बघायची. पुढे हात १२ वर घेऊन एक पाऊल टाकत आठ-आठचे दोन फेरे. मग मुख्य काम, पूर्ण जोराचे आठ पिच, प्रत्येकानंतर अर्धा मिनिट थांबून. तीन मिनिटं विश्रांती, पुन्हा आठ. हे जाळीत टाकायचे, समोर कॅचर नको, स्ट्राइक झोनही (बॉल ज्यातून गेला तर स्ट्राइक धरतात ती चौकट) नको. स्ट्राइक पडावी अशी काळजी असली की शरीर स्वतःच वेग कापतं. म्हणून वेग शिकताना अचूकता बाजूला ठेवायची आणि शेवटी ८० टक्के जोराने वीस पिच कॅचरला टाकून ती परत जोडून घ्यायची. अर्धा मिनिट थांबणं कंटाळवाणं आहे, ठाऊक आहे. पण धापा टाकत टाकलेला पिच दमसास वाढवतो, वेग वाढवत नाही.

खांद्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हे आकडे निम्मे कर आणि जोर ७० टक्क्यांवर ठेव. तिसऱ्या आठवड्यापासून पूर्ण. मध्ये कधी खांदा पुढून बोलला तर त्या दिवसाचे जोराचे पिच रद्द, उरलेलं पायांचं काम चालू.

तळजाईला बाबांबरोबर जायला हरकत नाही, सकाळची हवा चांगली असते. पण ४ किलोमीटरच्या संथ धावण्याने पिचला काही मिळत नाही. पिच अर्ध्या-पाऊण सेकंदात संपतो. आठवड्यातून तीन सकाळी तिथेच सपाट, कोरड्या जागी २० मीटरच्या सहा धावा पूर्ण जोराने काढ, प्रत्येकीनंतर दीड मिनिट चाल. बाबांना घड्याळ धरायला सांग, त्यांनाही काम मिळेल.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस, तीस-पस्तीस मिनिटं पुरे, जिम लागत नाही. एक पाय मागे पायरीवर ठेवून केलेल्या बैठका, प्रत्येक पायाला आठ, तीन फेरे. एका पायावर उभं राहून कमरेतून पुढे झुकणं, पाठ सरळ, तेही आठ आणि तीन. जागेवरून लांब उडी, तीन-तीनचे चार फेरे. कडेला एका पायावरून दुसऱ्यावर उडी मारून थांबणं, दोन्ही बाजूंना चार-चार, तीन फेरे. रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून कोपरं मागे ओढणं १२, तीन फेरे. तोच पट्टा धरून कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर फिरवणं १५, दोन फेरे. हे शेवटचे दोन कंटाळवाणे आहेत म्हणून सगळ्या मुली ते गाळतात आणि खांदे तिथेच जातात. शाळेत २ किलोचा मेडिसिन बॉल असेल तर कडेला उभं राहून कमरेच्या वळणाने भिंतीवर फेकणं, दोन्ही बाजूंनी सहा-सहा, तीन फेरे. उड्या आणि फेकी नेहमी सुरुवातीला, पाय ताजे असताना.

मैत्रिणीला म्हणावं, मनगटाचं वजन आजच काढ. वर्तुळाच्या सगळ्यात टोकाला वजन बांधलं की खांद्यावरची ओढ वाढते, आणि जिथे ती आधीच जास्त आहे तिथेच वाढते. वजन काढल्यावर हात हलका लागतो, त्याला लोक वेग समजतात. जड बॉलचं तेवढं वाईट नाही, पण दुखऱ्या खांद्यासाठी नाही आणि या मोसमात तर नाहीच. पुढे कधी करशील तेव्हा नेहमीच्या बॉलपेक्षा १० ते २० टक्के जास्त, त्याहून जड नको, आणि जाणत्या प्रशिक्षकासमोर. बाबांना एक गंमत सांग. पावसाळ्यात तू बहुधा आत्ताच जड बॉल टाकतेस. १२ इंची बॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो. चामड्याचा बॉल ओल्या मैदानावर भिजत राहिला की पाणी पितो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघ. २१० च्या वर गेला असेल तर तो वेगाच्या दिवशी वापरू नकोस, फिल्डिंगला दे.

पावसात शाळेचं मैदान चिखल झालं की सोसायटीचं पार्किंग चालेल. जाळी नसेल तर जुनी सतरंजी दुहेरी करून दोरीवर टांग, खालचं टोक मोकळं सोड म्हणजे बॉल उसळणार नाही. सेक्रेटरींना आधी विचार आणि गाड्या हलवून घे. काँक्रीटवर पुढचा पाय रोज आपटणं गुडघ्याला मानवत नाही. म्हणून टेकायच्या जागी न घसरणारी रबरी चटई टाक, कडा टेपने चिकटव. योगा मॅट नको, सरकते. उजव्या बुटाचं टोक महिनाभरात फाटेल. आधीच चांभाराकडून अंगठ्यावर रबराचा तुकडा चिकटवून शिवून घे.

स्पीड गन रोज मिळणार नाही. डावी टाच जिथे टेकते तिथून सतरंजीपर्यंत बरोबर १२ मीटर टेपने मोज. २४० फ्रेमच्या व्हिडिओत बॉल हातातून सुटल्यापासून सतरंजीला लागेपर्यंतच्या फ्रेम मोज आणि १०,३६८ ला त्या संख्येने भाग. १४० फ्रेम म्हणजे ७४ किलोमीटर, १३० म्हणजे जवळपास ८०. हा सरासरी वेग आहे. बॉल हवेत मंदावत जातो, त्यामुळे सुटल्याबरोबर मोजणारी गन तुला तीन-चार किलोमीटर जास्त दाखवेल. गनचा आकडा गनशी आणि मोबाइलचा मोबाइलशीच ताडून बघ. दर दोन आठवड्यांनी एकदा, पाच पिचची सरासरी. रोज मोजलंस तर दोन-तीन किलोमीटरच्या चढउतारांनी डोकं फिरेल.

तीन महिन्यांत किती? त्यातला पहिला पंधरवडा खांद्यालाच जाईल. पाऊल आणि ब्रेक जागेवर आले तर ७४ चे ७८-८० व्हायला वाव आहे, कारण तुझ्याकडे सुधारायला ढोबळ चुका आहेत. त्याहून जास्त कोणी कबूल करत असेल तर फी विचारू नकोस, तिथून निघ.

आणि लोक सहज मारतात त्याचं कारण बहुतेक ७४ हे नाहीच. महिलांच्या खेळात पिचिंग प्लेट होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. तुझं पाऊल वजा केलं की बॉलला साधारण ११.९ मीटर जायचं असतं. ७४ ने त्याला ०.५८ सेकंद लागतात, ८० ने ०.५४. तीन महिने घाम गाळून बॅटरचे चार शतांश सेकंद तू काढून घेशील. हाच बॉल त्याच हालचालीतून ६० ने आला तर ०.७१ सेकंद लागतात. फरक तेरा शतांशांचा. तुझ्या पत्रात चेंजअपचा एक शब्दही नाही, तेव्हा सगळे पिच एकाच वेगाने जात असावेत. चार-पाच पिच पाहिले की शाळेतली कुठलीही बॅटर त्या वेगाला घड्याळ लावते.

चेंजअपसाठी बॉल तळहातात खोल बसव, बोटं सैल ठेव, पाऊल आणि हाताचं वर्तुळ मात्र फास्टबॉलचंच, तेवढ्याच जोराचं. हात हळू फिरवून बॉल हळू टाकलास तर बॅटरला १२ वरच कळेल. दोन्ही पिचचे व्हिडिओ आवाज बंद करून कॅचरला दाखव. बॉल सुटायच्या आधी तिने ओळखला तर अजून तयार नाही. अचूकतेच्या दिवशी तीसपैकी बारा चेंजअप, गुडघ्याच्या उंचीवर. वर राहिलेला चेंजअप म्हणजे समोरच्या संघाला भेट.

जिल्हा स्पर्धेत एका दिवशी दोन-दोन सामने लागतात. एका सामन्यात ८० च्या आसपास पिच झाले की दुसऱ्या मुलीला आण, आणि दिवसभराचा आकडा सव्वाशेच्या आत ठेव. सामन्यापूर्वीचे वॉर्म-अपचे पिचही त्यातच धर. ते २५ ते ३० पुरतात, त्यातले शेवटचे पाचच पूर्ण जोराचे. मोजायला स्कोअररच्या शेजारी एक मैत्रीण वही घेऊन बसव. दुसरी पिचर संघात नसेल तर सरांना ही गोष्ट आत्ताच सांग. एखादीला तयार करायला तीन महिने पुरतात.